लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी

महाड, ११ जानेवारी २०२६

ती. दादास,


शिमग्याला येताना तू बारावीतल्या बायसाठी कॉम्प्युटर आणणार ही बातमी कापड्यापासून पोलादपूरच्या एसटी स्टँडपर्यंत पोचली आणि ज्याला त्याला मत फुटलं. बायच्या बापाला मोठा स्क्रीन हवा. चुलतभावाला ग्राफिक्स कार्ड हवं, कारण गेम तोच खेळणार. इथल्या एका दुकानदाराने तर पंचावन्न हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. बायला काय हवं ते मात्र कोणी विचारलं नाही.

तिचं म्हणणं साधं आहे. बारावी कॉमर्सची परीक्षा आटोपली की मराठी आणि इंग्रजी टायपिंगची जीसीसी-टीबीसी द्यायची, जोडीला एमएस-सीआयटी आणि टॅली. एमएस-सीआयटी २००१ पासून चालू आहे आणि सरकारी नोकऱ्यांच्या जाहिरातींत आजही ते नाव दिसतं. त्याशिवाय ऑनलाइन फॉर्म, यूट्यूबवरचे क्लास, बापाचा सातबारा काढणं. यातल्या एकाही कामाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. शेजारचा मुलगा लोणेऱ्याच्या बाटू विद्यापीठात मेकॅनिकलला आहे. त्याला डिझाइनची सॉफ्टवेअर चालवायची असतात, म्हणून त्याने १६ जीबी रॅमचा महागडा लॅपटॉप घेतला आणि ते बरोबरच केलं. त्याचं बघून बायच्या बापाने खिसा रिकामा करायचं कारण नाही.

डेस्कटॉप की लॅपटॉप, हा वाद गिरगावात बसून घातला तर डेस्कटॉप जिंकतो. तेवढ्याच पैशात ताकद जास्त, पार्ट सुटे बदलता येतात. महाडात मात्र सावित्री नदीला विचारल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. जुलै २००५ मध्ये शहर बुडालं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा बुडालं. झेरॉक्सची दुकानं, फोटो स्टुडिओ, क्लास, वकिलांची ऑफिसं, जे जे तळमजल्यावर होतं त्यात पाणी शिरलं, आणि डेस्कटॉपची कॅबिनेट तर बहुतेक टेबलाखाली जमिनीलाच टेकलेली असते. पाणी ओसरल्यावर लोकांना वाटतं, मशीन मेलं तरी हार्ड डिस्क वाळवून चालू होईल. पण बहुतेक जुन्या पद्धतीच्या डिस्कना आतली आणि बाहेरची हवा सारखी राहावी म्हणून एक बारीक भोक असतं. डिस्क बुडून राहिली की त्यातूनच गढूळ पाणी आत जातं आणि फिरत्या तबकड्यांवर गाळ बसतो. लग्नाचे अल्बम आणि उधारीच्या वह्या अशा वाहून जातात. दीड किलोचा लॅपटॉप मात्र काखेत मारून माडीवर नेता येतो.

गावचं घर डोंगरावर आहे, तिथे पूर नाही, असं तू म्हणशील. तिथे दुसरं संकट आहे. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीये आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या. त्या घरांच्या दुःखापुढे कॉम्प्युटरचं नाव काढणंही बरं नाही, पण एक गोष्ट विसरता येत नाही. त्या दिवसांत वीज आणि मोबाइलचं नेटवर्क एकदमच गेलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात, रायगडभर विजेचे खांब आडवे झाले होते. तेव्हा सगळं क्लाउडवर असतं, काळजी नको, हा दुकानदाराचा मंत्र इथे अर्धाच खरा. बायच्या मार्कलिस्टा, जातीचा दाखला, आधार यांची एक प्रत क्लाउडवर असू दे आणि दुसरी पेनड्राइव्हवर, देव्हाऱ्याच्या फळीवर.

रोजच्या विजेचंही ऐक. संध्याकाळी गावात पंखा मंदावतो आणि दिवे पिवळे पडतात, तुला माहीत आहेच. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे २३० च्या जागी १७० आले तरी तो कुरकुरत नाही, आणि लाइट पार गेली तर बॅटरी आहेच. डेस्कटॉपला मात्र यूपीएस लागतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते आणि नवी असतानाही ती काम सेव्ह करून मशीन बंद करण्याइतकीच पुरते. मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये गडगडायला लागलं की लॅपटॉप असो नाहीतर राउटर, प्लग काढायचाच. आणि पावसाळ्यात लॅपटॉप बॅगेत घालून लोखंडी कपाटात जपून ठेवायचा, ही वहिनीची योजना तू येऊन मोडून काढ. चार महिने बंद राहिलेल्या मशीनला इथली ओल लागते. रोज तासभर चालू राहिलं तर ते आपल्याच उबेने कोरडं राहतं.

आता खरेदी, म्हणजे मुंबईतला लॅमिंग्टन रोड. दादासाहेब भडकमकर मार्ग अशी पाटी असली तरी दुकानदार, गिऱ्हाईक सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. तिथे तुला कोणीतरी वीस हजारांत आय-फाइव्ह प्रोसेसरचा लॅपटॉप दाखवील. स्टिकरवर जाऊ नकोस, पुढचा आकडा वाच. ६३००यू असेल तर तो सहाव्या पिढीचा, २०१५ सालचा, दोन कोअरचा. त्याच्या शेजारी आय-थ्री १२१५यू ठेवलेला असेल तर तो बाराव्या पिढीचा, सहा कोअरचा. नावाने धाकटा, कामाने थोरला. आकडा १ ने सुरू झाला तर पहिले दोन अंक पिढी सांगतात, नाहीतर पहिला एकच.

सेकंडहँडला नाक मुरडायचं कारण नाही. ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप दणकट असतात आणि त्यांचा कीबोर्ड बऱ्याच नव्या स्वस्त मशिनांपेक्षा चांगला असतो. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्याआधीच्या मशीनवर ११ जबरदस्तीने चढवून विकणारे आहेत. पुढे अपडेटला अडलं की ते फोन उचलत नाहीत.

नवीन घेतलास तर ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी, याच्या खाली उतरू नकोस. ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेजवाले स्वस्त लॅपटॉप दिसायला गोंडस असतात. पण विंडोजलाच किमान ६४ जीबी लागते, मग पहिल्या मोठ्या अपडेटला जागा भरते आणि पोर फोटो पुसत बसते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, जगभरच्या एआय डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे. म्हणून नंतर वाढवू असं म्हणण्याआधी रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे की सगळी रॅम बोर्डावरच जोडलेली आहे, ते विचार. मोकळा असेल तर आत्ता ८ वर भागव.

चाळीस हजार धरून चाललायस ना, त्यातले सगळे लॅपटॉपवर घालू नकोस. टायपिंगला लॅपटॉपच्या चपट्या कळांवर बोटं बसत नाहीत. देवनागरी अक्षरं छापलेला वेगळा यूएसबी कीबोर्ड घे. टायपिंगच्या क्लासांत टीव्हीएस गोल्डचं नाव निघतं. खटखट वाजतो, पण बरीच वर्षं टिकतो. मराठी कीबोर्डाचा लेआउट एकच नसतो, इनस्क्रिप्ट वेगळा आणि रेमिंग्टन वेगळा. बायच्या क्लासात कोणता शिकवतात ते विचारूनच घे. घरच्या लिखाणाला लिबरऑफिस फुकट मिळतं आणि त्यात मराठी व्यवस्थित चालतं.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नकोस. ऑनसाइट वॉरंटी असं खोक्यावर छापलेलं असलं तरी माणूस पोलादपूरच्या ४०२३०३ ला येतो का, ते कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून बघ. नाही म्हणाले तर निदान महाडचा ४०२३०१ चालतो का ते पाहा. तोही नसेल तर मशीन पनवेलला पाठवावं लागेल आणि गणपतीपर्यंत परत येणार नाही. १८ टक्के जीएसटी वाचवायला बिलाशिवाय देतो म्हणणाऱ्याच्या दुकानातून सरळ बाहेर पड.

बिल बायच्या नावावर कर, आणि मॉडेलचा पुरता नंबर घेण्याआधी व्हॉट्सॲपवर टाक. इथला रिपेअरवाला पार्ट मिळतात की नाही ते सांगेल. वहिनी म्हणते, इतक्यात हापूसची चौकशी करू नकोस, अजून मोहोरच आहे.

तुझी,
धाकटी