बॅटरी निर्दोष आहे!

मित्रांनो, सायकलच्या डायनॅमोवर लागणारा दिवा तुम्ही पाहिलाय का? नसेल तर आजोबांना विचारा. चाकाला घासून फिरणारी ती छोटीशी बाटली! पायडल जोरात मारलं की दिवा लख्ख, आणि सायकल थांबली की अंधार. सायकलला हे चालतं. ट्रकला कसं चालेल? त्याला तर इंजिन सुरू व्हायच्या आधीच वीज हवी असते, सेल्फ फिरवायला. म्हणून ट्रकमध्ये दोन गोष्टी असतात. बॅटरी ही विजेची टाकी, आणि अल्टरनेटर हा ती टाकी भरत राहणारा पंप. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो.

मी फौजेत ई.एम.ई.मध्ये होतो. १९४३ साली स्थापन झालेलं हे दल रणगाडे, तोफा, गाड्या, वायरलेस, सगळं दुरुस्त करतं. माझ्या वाट्याला आली गाड्यांची वीज. ‘शक्तिमान’ म्हटलं की तुमच्या आईबाबांना टीव्हीवरचा गरगर फिरणारा वीर आठवेल, पण आम्हाला आठवतो तो ट्रक! एका जर्मन कंपनीच्या परवान्यावर तो जबलपूरच्या कारखान्यात तयार व्हायचा. नंतर दुसरे ट्रक आले. नावं बदलली, पण बॅटरी का उतरते हे शोधायची रीत काही बदलली नाही. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

जड ट्रकची वीज २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की झाले २४. का, तर व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो, आणि तारा कमी तापतात. (काही हुशार मंडळी त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा टेप वाजवतात. मग एक बॅटरी कायम अर्धपोटी आणि दुसरी कायम अजीर्ण झालेली! असं कधी करू नका.) टाकी भरायची तर पंपाचा जोर टाकीपेक्षा जास्त हवा, म्हणून अल्टरनेटर साधारण २८ व्होल्ट देतो. हा आकडा लक्षात ठेवा.

आता १९९७ सालच्या नोव्हेंबरात चला, लडाखला. श्रीनगरहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावर कारगिलच्या पुढे बोध खर्बू म्हणून गाव लागतं. त्याच्यापुढे फोतू ला ही खिंड, १३,४७९ फूट उंच, त्या सबंध रस्त्यावरची सर्वांत उंच जागा. झोजी ला बर्फाने बंद व्हायच्या आत हिवाळ्याचं सामान पलीकडे पोचवायची घाई होती. दुपारी तीनला आमचा ताफा बोध खर्बूजवळ मुक्कामाला थांबला. एका ट्रकचा ड्रायव्हर मात्र इंजिन बंद करायला तयारच नव्हता. गढवालचा, शांत गडी. म्हणाला, “उस्ताद, बंद किया तो कल उठेगा नहीं.”

त्याचं बरोबर होतं. आधीच्या मुक्कामावर त्या ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या होत्या. त्याच्याही आधी अल्टरनेटर नवा बसवला होता. तरी काटा पुन्हा खालीच!

तुम्ही म्हणाल, बॅटरी उतरली तर ट्रक चालला कसा? यातच तर खरी गोम आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते, इतकी तापते, की डिझेल आपोआप पेट घेतं. त्या काळच्या ट्रकांत डिझेलचा पंपही इंजिनावरच फिरायचा. त्यामुळे एकदा सुरू झालेला ट्रक बॅटरी मेली तरी दिवसभर धावतो, कुणाला पत्ता लागत नाही. कळतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी! आणि तिथली सकाळ म्हणजे तेल काकवीसारखं घट्ट झालेलं. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशालाही गोठत नाही. पण पार उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं. ते उणे १० च्या आसपास गोठू लागतं आणि बर्फ फुगून बॅटरी तडकते. पाच टन सामान भरलेला ट्रक त्या चढावर ओढून नेणार कोण? मागे अख्खा ताफा अडकला असता.

दुसरा एक जवान धावत आला. म्हणाला, इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून बघू, इंजिनावरचा दिवा राहिला तर अल्टरनेटर चांगला. मी त्याचा हातच धरला! जुन्या डायनॅमोच्या गाड्यांवर लोक अशी परीक्षा घेत. अल्टरनेटरचं पोट वेगळं. त्यात विजेची दिशा उलटसुलट होत राहते आणि डायोड नावाचे एकदिशा दरवाजे तिला सरळ करतात. चालू गाडीत बॅटरी अचानक तोडली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि हे दरवाजे क्षणात जळतात. म्हणजे रोगी तपासायला जायचं आणि त्यालाच मारून यायचं.

पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ताण ठीक होता. पट्टा ढिला असता तर घसरला असता, किंचाळला असता. रेग्युलेटर बिघडून अति चार्जिंग होत असतं तर बॅटरीचं पाणी खदखदलं असतं, दिवे उडाले असते. तसंही काही नव्हतं.

मग मीटर काढला. ड्रायव्हरला म्हटलं, हेडलाइट लाव आणि रेस थोडी वाढवून धर. बॅटरीवर वाचलं, २४.१ व्होल्ट. हवे होते २८. आता नवा माणूस लगेच म्हणेल, अल्टरनेटर बाद! पण थांबा. मी मीटरची एक टोकणी अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलला लावली आणि दुसरी त्याच्याच उघड्या अंगाला. काटा गेला २८.३ वर!

म्हणजे पंप पाणी ओढतोय आणि टाकी कोरडी. मग पाणी मुरतंय कुठे? वाटेत.

अशा वेळी मीटर वाटेच्या दोन टोकांना लावायचा. वाट चांगली असेल तर दोन्ही टोकांत फरक जवळजवळ शून्य दिसतो. जिथे अडथळा, तिथे व्होल्ट सांडतात. अल्टरनेटरपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत जाड तार होती. तिथे फरक ०.२. ठीकच म्हणायचं. मग बॅटरीचं ऋण टोक आणि अल्टरनेटरचं अंग यांच्यात लावला. तब्बल ४.० व्होल्ट! बेरीज करून बघा: २४.१, ०.२ आणि ४.०. झाले २८.३. एकही व्होल्ट हरवला नव्हता. चोर सापडला होता परतीच्या वाटेवर.

वीज नुसती जात नाही हो, तिला परत यावं लागतं. लोक जाणारी तार बघतात. परतीची वाट म्हणजे अर्थची, म्हणजे इंजिन आणि चेसीचं लोखंड. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. या ट्रकमध्ये अल्टरनेटरच्या अंगापासून इंजिनापर्यंत एक वेगळी अर्थची तार होती. सेल्फची वाट निराळी आणि जाड, म्हणून सेल्फची तक्रार कधी आली नव्हती. नवा अल्टरनेटर बसवताना कुणीतरी ती तार छान रंगवलेल्या पृष्ठभागावर आवळली होती. फौजेत तुम्हाला ठाऊकच असेल, रस्त्यावरचा दगडसुद्धा गेरू-चुन्याशिवाय राहत नाही. मग अल्टरनेटरचा ब्रॅकेट कसा सुटेल? तोही हिरवागार! रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम जो स्पर्श होता, त्यातून चार्जिंगचा करंट झिरपत होता. तारेचं टोकही गंजून हिरवट झालं होतं.

इंजिन बंद केलं, तेव्हा ड्रायव्हरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आधी बॅटरीची ऋण तार सोडवली, कारण पाना चुकून दोन टोकांना टेकला तर लालबुंद होतो. मग पॉलिश पेपरने रंग खरवडला, तारेचं टोक तांब्यासारखं चमकेपर्यंत घासलं, घट्ट आवळलं आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. सगळं मिळून वीस मिनिटं. बोटं मात्र लाकूड झाली होती.

शेजारच्या ट्रकच्या बॅटऱ्यांवरून सेल्फ मारला. बॅटरीवर आधी २६, मग हळूहळू २७.८. अर्थच्या वाटेवर आता ०.१. तीन तास रेसवर चालवून रात्री इंजिन बंद केलं. ड्रायव्हरने दोन्ही बॅटऱ्यांवर स्वतःची जुनी घोंगडी टाकली आणि स्वतः कुडकुडत झोपला.

सकाळी सगळे आपापला चहाचा मग घेऊन त्या ट्रकभोवती जमले. पहिल्या झटक्याला सेल्फ कण्हला, दुसऱ्याला इंजिन पेटलं. नऊच्या सुमाराला ताफा फोतू ला चढून गेला. पुढे लेहमध्ये तो ट्रक मला पुन्हा दिसला. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला तारेने पत्र्याचा एक तुकडा बांधलेला होता आणि त्यावर खडूने लिहिलं होतं: “यहाँ रंग मना है.”