दुसरा जन्म

मुंज झालेला मुलगा द्विज होतो, म्हणजे दुसऱ्यांदा जन्मतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरली की, माझ्या वर्गात चकोट केलेली दोन-तीन डोकी हमखास दिसायची. डोकी नवी, पण खोड्या मात्र जुन्याच! संस्कार निराळा आणि जन्म निराळा, हे शाळामास्तराला पोथीवाचून कळते.

ख्रिस्ती धर्मातही असा एक दुसरा जन्म सांगितला आहे. निकदेम नावाचा यहुदी शास्त्री रात्री येशूकडे आला. नव्याने जन्मल्यावाचून देवाचे राज्य दिसत नाही, असे येशूने त्याला सांगितले. तेव्हा, म्हातारा माणूस आईच्या पोटात पुन्हा कसा शिरणार, अशी त्या भल्या गृहस्थाला शंका आली. मी मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही, मग ग्रीक कुठले यायला! पण जाणकार सांगतात की, तेथील मूळ शब्दाचे दोन अर्थ होतात: ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. मला दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटतो. जन्म कोणी स्वतःच्या कर्तबगारीने मिळवीत नाही. तो कुणीतरी द्यावा लागतो.

याचे मर्म मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडले. बाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. इकडे केवढा गहजब झाला! परंतु बाईंनी स्वतःच १९०७ साली लिहून ठेवले की, त्यानंतर कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. एवढी विदुषी, आणि एवढी कबुली!

मुंबईत १८८९ साली काढलेले शारदा सदन पुढल्याच वर्षी त्यांनी पुण्यात आणले. त्याच वर्षी पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारखी मंडळी जमली, चहा झाला, आणि गावात प्रायश्चित्ताचा वाद पेटला. चहाच्या पेल्याने धर्म जातो आणि प्रायश्चित्ताने परत येतो, अशी तेव्हाची समजूत होती. याच सुमारास हॅस्लॅम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र बाईंच्या वाचनात आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे लोकांना उपदेश करीत होता. आणि एके दिवशी व्यासपीठावर उभा असताना आपल्याच प्रवचनाने त्याचे डोळे उघडले! मग माझे काय, असे बाईंनी स्वतःला विचारले असल्यास नवल नाही.

त्यांना जे उमगले, त्याची किंमत त्यांचे बालपण आठवल्याशिवाय कळत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे सारे कुटुंब घेऊन तीर्थे हिंडले. पुराणे सांगितली, उपासतापास केले, पुण्य गाठीला बांधले. आणि १८७४ च्या सुमारास, दुष्काळात, आईबाप दोघेही अन्नावाचून गेले. त्या घरच्या मुलीला कळले की, देवाजवळ जायला शिदोरी लागत नाही. आहे तसे, रिकाम्या हाताने जावे. गाठीला काही नसणे हीच तिथली पात्रता.

पुढे १८९३ मध्ये सदनावर धर्मांतराचा आरोप आला. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या, पुढाऱ्यांनी अंग काढून घेतले. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. मी पाहतो ते पुढचे. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने अर्धमेल्या झालेल्या मुली घेऊन आल्या. भुकेने ज्यांचे आईबाप नेले, त्याच बाई भुकेल्यांच्या आई झाल्या. पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींचे शिक्षण, सारे तिथे सुरू झाले.

पन्नाशीच्या आसपास बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबल साध्या मराठीत उतरवू लागल्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई वारल्या. ग्रंथ १९२४ साली छापून निघाला. त्या छापखान्यात खिळे जुळवणारे हात आश्रमातल्याच मुलींचे होते.

बाप्तिस्म्याची तारीख लिहून ठेवता येते, त्याला साक्षीदारही असतात. वरून मिळालेल्या जन्माची साक्ष आपल्या हाताखाली जगली-वाढलेली माणसे देतात. रमाबाईंची साक्ष केडगावच्या त्या मुलींनी दिली. एकेकाळी ज्यांना भाकर मिळत नव्हती, त्या साऱ्या महाराष्ट्रासाठी शास्त्र छापीत होत्या.