निळवंतीला भेटायचंय? पाऊस जाऊ द्या!

पनवेलच्या ट्रेकर मंडळींचं वेळापत्रक ठरलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये ठाकूरवाडी, प्रबळमाची, कलावंतीणचा सुळका, खाली उतरल्यावर गरमागरम भजी... आणि दसरा आला की बूट माळ्यावर! नेमक्या त्याच वेळी घाटमाथ्यावर निळवंती फुलायला लागते आणि तिला बघायला फारसं कुणी नसतं.

प्राण्यांची भाषा शिकवणारा तो गूढ ग्रंथ नव्हे हं! ही गवतात राहणारी. शास्त्रीय नाव डेल्फिनियम मलबारिकम. ऑक्टोबर ते डिसेंबर, पिवळ्या पडत चाललेल्या गवतातून तिचे निळे तुरे डोकं वर काढतात. फूल जरा जवळून बघा. पाकळ्या वाटतात ती खरं तर निदलं, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण. त्यातलं वरचं निदल मागे लांबत जाऊन शेपटीसारखी नळी होते. मध त्या नळीच्या टोकाशी, त्यामुळे लांब सोंडेच्या कीटकांचीच चंगळ.

पश्चिम घाट सोडून ही जगात कुठेही उगवत नाही. तरी १८९५ मध्ये हूथ या जर्मन अभ्यासकाने तिला एका आफ्रिकन जातीच्या खात्यात टाकलं होतं. स्वतंत्र जातीचा मान मिळाला तो १९६७ मध्ये, फिलिप मुंझ यांच्यामुळे. हे मुंझ कॅलिफोर्नियाच्या वनस्पतींचे जाणकार. तिथल्या समुद्राकाठच्या कुरणांत हिच्या चुलत बहिणी फुलतात.

कर्नाळ्यात मात्र हिला शोधत बसू नका. जुन्नर किंवा पुरंदरच्या डोंगरउतारांवर जायला हवं. जुन्नरसाठी एक्स्प्रेस वेने तळेगाव, मग चाकण, नारायणगाव. शनिवारी पहाटे निघालात तर दुपारच्या आत डोंगरात.

दिवाळीनंतर हळूहळू रोप वाळतं, पण मूळ जमिनीत जिवंत राहतं आणि पुढच्या पावसात तिथूनच फुटतं. म्हणजे जागा गेली की निळवंती गेली. 'सेकंड होम'च्या जाहिरातीत अशा गवताळ उताराला 'मोकळी जमीन' म्हणतात. जेसीबी आला की दोन दिवसांत सपाट! उलव्याची टेकडी डोळ्यांदेखत गेलेली पाहणाऱ्या पनवेलकरांना हे वेगळं काय सांगायचं? विमानतळ हवाच होता, मान्य. पण वीकेंडच्या स्विमिंग पूलसाठीही डोंगर कापायचा?

तेव्हा फोटो हवे तेवढे काढा, तुरा तोडू नका. तोडलेल्या फुलाचं बी होत नाही. चाखून तर अजिबात बघू नका, या कुळात विषारी जाती पुष्कळ आहेत. आणि शॉर्ट्स घरीच ठेवा. त्या गवताची कुसळं सॉक्समधून काढताना नारायणगावची मिसळ गार होते!