पट्टीच्या पाठीवरचा हिशेब

मंडळी, कबड्डी तुम्हाला सांगायची म्हणजे आईला भाकरी थापायला शिकवण्यासारखे आहे. नदीच्या वाळूत नाहीतर नांगरलेल्या ढेकळांत आपण सगळेच कधी ना कधी घुमलो आहोत. पण आता ही कबड्डी गादीवर, दिव्यांच्या झगमगाटात खेळतात, आणि 2014 सालापासून तिची मोठी लीग भरते. त्या लीगचा एक हंगाम आमच्या घरात कसा गेला, ते सांगतो.

आमच्या श्रीरामपूर तालुक्यात टाकळीभान आहे. तिथला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कप्तान. 2023 च्या ऑक्टोबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत त्याच्या पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून लीग जिंकली, तेव्हा आमच्या वस्तीवर पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांपैकी एकानेही अस्लमला जवळून पाहिलेले नव्हते. पण टाकळीभानचा म्हणजे आपलाच, नाही का?

त्यामुळे 2024 च्या ऑक्टोबरात पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा नववीतल्या पुतण्याला मी बोलून गेलो, "पलटण पहिल्या सहांत आली, तर तुला बालेवाडीला नेतो." बाद फेरीचे सामने पुण्यातच होते. मला वाटले, यात काय अवघड आहे?

आणि नोव्हेंबरात अस्लमचा गुडघा गेला. उरलेल्या हंगामाला तो मुकला. कप्तानी आकाश शिंदेकडे आली. तोही चांगला गडी, हांगझोच्या संघातला. पण जोडीतला एक बैल बसल्यावर दुसऱ्याने किती ओढायचे? पलटण खाली घसरत गेली.

डिसेंबर उजाडला. माझा लाल कांदा मार्केटला चालला होता आणि भाव रोज उतरत होते. घरी आलो की पुतण्या वही घेऊन बसलेला. एके दिवशी त्याची वही सापडेना, तर त्याने माझ्या खिशातली कांद्याची पट्टी काढली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर तक्ता मांडला.

तो हिशेब समजून घेण्यासारखा होता. बारा संघ, प्रत्येकाचे 22 सामने. जिंकले तर 5 गुण, बरोबरी झाली तर दोघांना 3-3. हरलात, पण सात किंवा त्याहून कमी फरकाने, तर 1 गुण. त्याहून मोठ्या फरकाने हरलात, तर भोपळा. आता बघा, शेवटच्या मिनिटाला तुम्ही आठने मागे आहात. सामना गेलेलाच आहे. तरी गडी चढाईला जातो, बोनस रेषेपलीकडे पाय टेकवतो आणि परत येतो. लोक म्हणतात, आता एवढा जीव कशाला टाकतो? पण फरक आठाचा सात झाला, की तक्त्यात एक गुण पडला! असे गुण वेचणारा संघच शेवटी वर राहतो.

पलटणने मात्र वेळेवर वेचले नव्हते. आता उरलेले सामने जिंकून भागणार नव्हते. तेलुगू टायटन्सनी हरायला हवे होते, यू मुंबाने हरायला हवे होते, जयपूरचाही पाय घसरायला हवा होता. पुतण्या रोज संध्याकाळी विचारी, "तात्या, आज कोन हरलं पाहिजे?" आणि मीही चष्मा लावून त्याच्या शेजारी बसे. मराठी माणसे आम्ही, आणि मुंबई हरावी म्हणून टीव्हीसमोर बसलेलो!

आईने दोन-तीन दिवस ऐकून घेतले. मग लसूण सोलता सोलता म्हणाली, "आरं, तुमची पोरं जिंकावीत म्हना की. दुसऱ्याची हरावीत म्हनून काय जप करत बसलाय?"

पुतण्या हसला. मला हसू आले नाही. त्याच दिवशी मार्केटात मी एका व्यापाऱ्याला विचारले होते, "नाशिककडे ढग आहेत का? पाऊस पडेल का?" तिकडचा माल भिजला तर आपली गाडी दोन पैसे चढी जाईल, हा त्यामागचा भाव. तो म्हणाला, तसे काही दिसत नाही, आणि माझा चेहरा पडला. तिकडेही कोणी शेतकरी असाच नगरकडच्या आभाळाची चौकशी करीत असेल. हे मी घरात कोणाला बोललो नाही. तुम्हाला सांगतो आहे.

पुढे काय झाले? पलटणचा खेळ आटोपला. 24 डिसेंबरला साखळीच्या शेवटच्या दिवशी शिल्लक राहिलेली एकच जागा टायटन्सची का मुंबाची, एवढाच प्रश्न उरला होता. मुंबाने बंगालला हरवले आणि 71 गुणांवर गेली. टायटन्स 66 वर राहिले, म्हणजे बाहेर. दोघांचेही विजय बाराच! फरक पडला तो बरोबरीच्या सामन्यांनी. त्या रात्री पुतण्या टायटन्ससाठी हळहळला. "तात्या, बारा जिंकून बाहेर!" म्हणाला. आदल्या आठवड्यात त्यांच्याच पराभवाची वाट पाहणारा हा पोरगा.

पैज मी जिंकलो होतो, तरी 29 तारखेला त्याला बालेवाडीला नेले. पहाटेच्या एसटीने गेलो. अंतिम सामन्यात हरियाणाने पाटण्याला 32-23 असे हरवले. आदल्या हंगामात पलटणकडून खेळलेला इराणी गडी शादलू आता हरियाणाच्या बाजूने पकडी करीत होता. पुतण्या थोडा वेळ तोंड फुगवून बसला, मग टाळ्या वाजवू लागला.

2025 च्या हंगामात अस्लम परत आला. पलटणने तक्त्यात पहिला नंबर काढला, आणि 31 ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून अंतिम सामना 31-28 असा गमावला. तीन गुणांनी! नियमही बदलले होते: जिंकलात तर 2, हरलात तर काही नाही. सात फरकाचा तो एक गुण गेला. मला तो गेलेला आवडला नाही. आईला विचारले, तर ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळतं?"

ती पट्टी अजून कपाटात आहे. एका बाजूला हमाली, तोलाई वजा जाता हाती आलेले रुपये, आणि दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली बारा संघांची नावे. त्यातल्या तिघांपुढे पुतण्याने फुली मारली होती. नंतर कधीतरी त्यानेच ती खोडून टाकलेली दिसते.