सोडलेला खेळाडू आणि आमची जिलेबी

आमचे घर मानवतचे. पुढे गादीघर, मागे राहायच्या खोल्या. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, रजयांना टाके घालायचे, हा तीन पिढ्यांचा धंदा. घरात अब्बा, अम्मी, आम्ही भाऊ, भाभी आणि लेकरे मिळून तेरा माणसे, आणि टीव्ही एकच. त्यामुळे काय बघायचे यावर रोज भांडण व्हायचे. कबड्डी लागली की मात्र कोणी भांडत नसे.

2014 साली ईदच्या आठवड्यात प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हापासून हे घर यू मुंबाचे. अब्बा तरुणपणी जत्रेत, उरुसात मातीवर कबड्डी खेळलेले. त्यांची जागा डावा कोपरा. चढाईला आलेला खेळाडू पाय लांबवतो तेव्हा त्याचा घोटा धरून त्याला जागीच बसवायचा, हे कोपऱ्यावरच्या माणसाचे काम. चूक झाली तर तो स्वतःच बाद. म्हणून अब्बांची नजर चढाई करणाऱ्यावर कधी नसायची, ती कोपऱ्यावर असायची. 2015 मध्ये यू मुंबाने विजेतेपद मिळवले. त्या संघात इराणचा एक पोरगेला खेळाडू होता, फजल अत्राचली. अब्बांनी त्याला दोन सामन्यांत ओळखले. म्हणाले, "याचे हात बघा. घाई करत नाही."

पुढे तो पाटण्याकडे गेला, मग गुजरातकडे. 2018 च्या लिलावात यू मुंबाने त्याला एक कोटी रुपयांना परत आणले. या स्पर्धेच्या लिलावात एक कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला हरवले, तेव्हा इराणच्या बाजूने तोच होता. त्या रात्री घरात जेवण कोणाला गोड लागले नाही. पण दीड महिन्याने स्पर्धा सुरू झाली आणि तो यू मुंबाच्या मैदानावर उतरला, तेव्हा पुन्हा आमचाच झाला. चाहत्यांचे मन असेच असते.

मग आले 2022. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मोहरमच्या दिवसांत, लिलाव झाला आणि पुणेरी पलटणने फजलला 1 कोटी 38 लाखांना घेतले. दुसऱ्या कुठल्याही संघाने घेतले असते तर आम्ही गप्प बसलो असतो. पण पुणे! मुंबई आणि पुणे समोरासमोर आले की महाराष्ट्रातली घरे दोन बाजूंना बसतात. आम्ही त्याला सरळ गद्दार ठरवले.

या रागाला दुसरेही कारण होते, ते आम्ही तेव्हा कबूल केले नसते. त्याच दिवसांत आमचे मंझले भाई दुकान सोडून पुण्याला गेले होते. चाकणच्या एका कंपनीत, ठेकेदाराच्या मार्फत. जाताना अब्बांच्या पाया जवळ बसून रडले, पण गेले. "तिघांच्या मेहनतीचे दुकान दोघांच्या गळ्यात टाकून गेला," असे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो. घरात पुणे हा शब्द निघाला की भाभी आत निघून जायच्या. फजलला शिव्या देणे सोपे होते. तो ऐकत नव्हता.

मोठ्या भाईंचा मुलगा फुटबॉलवेडा. त्याने आम्हाला फिगोची गोष्ट सांगितली. लुईस फिगो हा पोर्तुगालचा खेळाडू 2000 साली बार्सिलोना सोडून कट्टर प्रतिस्पर्धी रिअल माद्रिदकडे गेला. पुढे तो बार्सिलोनाच्या मैदानावर खेळायला आला तेव्हा एकेकाळी त्याच्यासाठी गळा फाडणाऱ्या लोकांनी त्याच्यावर बाटल्या आणि काय काय फेकले. 2002 च्या सामन्यात तर डुकराचे मुंडके मैदानात येऊन पडले. ऐकून अम्मी म्हणाल्या, "तौबा! खेळच ना तो?" आम्ही हसलो. आमच्या हातात फेकायला फक्त मोबाइल होता.

तो आम्ही भरपूर वापरला. 17 डिसेंबर 2022 ला मुंबईत अंतिम सामना झाला, जयपूर विरुद्ध पुणे. आमचा संघ त्यात नव्हता, तरी आम्ही दुकान लवकर बंद करून बसलो. जिंकायला नव्हे, पुणे हरताना बघायला. जयपूरने 33–29 असे हरवले. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मंझले भाईंचे नाव घेऊन लिहिले, "तुमच्या पुण्याला सलाम." त्यांनी हसरा चेहरा पाठवला. अब्बा मात्र त्या रात्री काही बोलले नाहीत. फजल मैदानावर बसून राहिला होता, ते त्यांनी पाहिले होते.

2023 च्या पावसाळ्यात पुढच्या लिलावाआधी संघांनी कायम ठेवलेल्या खेळाडूंची नावे जाहीर केली. पुण्याच्या यादीत फजलचे नाव नव्हते. त्यांनी त्याला सोडले होते.

आमचा आनंद काय सांगावा! "गेला होता ना पुण्याला? मिळाले?" असे एकमेकांना म्हणत आम्ही बाजारातून जिलेबी आणली. कढईतली गरम जिलेबी कागदावर पसरली, तिचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, "पुण्यात कोणी कोणाचे नसते. गरज संपली की बाहेर."

अब्बांनी जिलेबीला हात लावला नाही. म्हणाले, "हसो नक्को रे. उसके घर में भी चूल्हा है."

यावेळी मंझले भाईंचा हसरा चेहरा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्हाला वाटले, पुण्याचे लागले मनाला. आठ-दहा दिवसांनी पहाटे फजरच्या सुमारास ट्रॅव्हल्स गावात आली आणि ते दोन पिशव्या आणि एक गादीची वळकटी घेऊन दारात उभे राहिले. वळकटी आमच्याच दुकानातली होती.

दुपारी जेवताना हळूहळू बाहेर आले. कंपनीने त्यांना ब्रेक दिला होता. कंत्राटी माणसाला काही महिन्यांनी ब्रेक देतात, पुन्हा घेतात किंवा घेत नाहीत. यावेळी घेतले नव्हते. पंधरा दिवस ते खोलीवरच्या पोरांच्या उसनवारीवर काम शोधत फिरले. घरी सांगायची लाज वाटली. आमचा जिलेबीचा फोटो त्यांना गेटबाहेर चहाच्या टपरीवर दिसला होता. ज्या दिवशी ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले, त्याच दिवशी.

ते तक्रार करत नव्हते. उलट हसून म्हणाले, "मला वाटले, तुम्हाला कळले की काय."

आमच्यातले कोणीही मान वर करू शकले नाही. लहानपणापासून शिकवले होते की दुसऱ्याच्या अडचणीवर खूश होऊ नये. आम्हाला वाटायचे, खेळात ते चालते. खेळाडू लांबचा, पैसेवाला, परदेशी. पण त्याच्यासाठी लिहिलेले शब्द सरळ आमच्या भावाला जाऊन लागले, कारण मनात ते त्याच्यासाठीच होते.

संध्याकाळी मगरिबनंतर अब्बांनी आम्हाला दुकानात बसवले आणि एकच प्रश्न विचारला. "फजल पुण्याला गेला तेव्हा मुंबईने त्याला ठेवले होते का?"

उत्तर आम्हाला ठाऊक होते, पण आम्ही ते कधी मोजले नव्हते. मुंबईनेच त्याला कायम ठेवले नव्हते, म्हणून तो लिलावात आला होता. लिलावात खेळाडू संघ निवडत नाही, संघ खेळाडू निवडतो. आम्ही त्याला गद्दार म्हणालो आणि सोडणाऱ्या आमच्या संघाला काहीच म्हणालो नाही.

"आणि याला?" अब्बांनी मंझले भाईंकडे हात केला. "याला या दुकानाने ठेवले होते का?"

खरे तर नव्हते. फोमच्या तयार गाद्या मोंढ्यापर्यंत आल्यापासून आमचा सीझन दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत उरला होता. होळीनंतर महिनोन् महिने पिंजाईचे मशीन बंद असते. तीन भावांचे संसार त्यावर चालत नव्हते. हिशेबाच्या वेळी "कोणीतरी बाहेर बघितले पाहिजे" असे आम्हीच दोनदा बोललो होतो. नाव कोणाचे घेतले नव्हते इतकेच. मंझले भाईंनी ते ऐकले आणि स्वतःचे नाव घातले. मग आम्ही म्हणालो, सोडून गेला.

त्या वर्षीचा लिलाव 9 आणि 10 ऑक्टोबरला मुंबईत झाला. मंझले भाई तेव्हा घरीच होते. आम्ही एकत्र बसून बघितला. पुण्याने फजलला का सोडले तेही कळले. प्रत्येक संघाला खर्चासाठी पाच कोटींची मर्यादा. पुण्याने त्यातले 2 कोटी 35 लाख एकाच खेळाडूवर लावले, मोहम्मदरेझा शादलू. तोही इराणचा, तोही डाव्या कोपऱ्याचा, पण वयाने बराच लहान. यात वैर नव्हते, हिशेब होता. फजलला गुजरातने 1 कोटी 60 लाखांना घेतले, म्हणजे पुण्याने दिलेल्यापेक्षा जास्त. मंझले भाई आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघा, ज्याला सोडले त्यालाही घेणारा निघतो." अम्मींनी आतून मोठ्याने आमीन म्हटले.

रब्बीच्या पेरण्या चालू असताना त्यांना पुण्यातच दुसरे काम मिळाले. यावेळी अब्बांनी स्वतः कापूस पिंजला आणि नवी रजई भरून दिली. टाके आम्ही घातले. भाभी आणि लेकरे पुढच्या उन्हाळ्यात गेली.

1 मार्च 2024 ला पुण्याने हरियाणाला 28–25 असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लम इनामदार, आपल्याच महाराष्ट्राचा, नगर जिल्ह्यातला. आम्ही फोन करून मंझले भाईंना मुबारक दिली. मनापासून दिली की शरमेने, ते आम्हालाही सांगता येणार नाही. पण दिली.

फजलचा प्रवास चालूच राहिला. 2024 मध्ये बंगालने त्याला 50 लाखांना घेतले, म्हणजे भाव एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला. 2025 मध्ये तो दिल्लीच्या संघात होता. 31 ऑक्टोबरला, जुम्म्याच्या रात्री, दिल्लीत अंतिम सामना झाला. समोर पुणे. रजयांचा सीझन सुरू झालेला, दुकानात कापूस उडत होता, तरी सगळे टीव्हीपुढे. मंझले भाई पुण्याहून फोनवर. ते पुण्याचे, आम्ही कोणाचे हे ठरत नव्हते. शेवटच्या क्षणांत फजलने पुण्याच्या चढाईपटूला पकडले आणि दिल्ली 31–28 अशी जिंकली. ज्याला पुण्याने सोडले होते, त्यानेच.

तीन वर्षांपूर्वी आम्ही अख्खा बाजार डोक्यावर घेतला असता. त्या रात्री एकानेही ग्रुपवर काही टाकले नाही. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग मंझले भाई म्हणाले, "अब्बांना द्या."

अब्बांनी फोन कानाला लावला. "घाई केली नाही त्याने," एवढेच ते बोलले. मग विचारले, "काम बरे चालले आहे ना? पगार वेळेवर होतो ना?"

ही चौकशी आम्ही 2022 मध्येच करायला हवी होती. आता दर जुम्म्याला करतो. कबड्डीची गोष्ट त्यानंतर निघते.