लोहाऱ्याच्या वाटेवर मिठाचा हिशेब



यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलात की शहर संपतासंपता लोहारा येते. दिवाळीनंतर या रस्त्याने कापसाने भरलेल्या गाड्या शहराकडे येताना दिसतात. याच लोहाऱ्याला औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे डेनिमचे, म्हणजे आपली पोरे घालतात त्या जीनच्या पँटचे, कापड तयार होते. वावरातले बोंड आणि पोराच्या अंगावरची पँट यांच्यातले अंतर इथे फार थोडे उरते. शेतीखात्याच्या कामानिमित्त मी या रस्त्याने कित्येक वर्षे जातो-येतो आहे. आज तुम्हाला बरोबर नेतो. कोणत्या कारखान्याची तक्रार सांगायची नाही. कापूस निळा होताना पाण्याचे काय होते, एवढे सांगायचे आहे.

घरातली जीनची पँट उलटी करून पाहा. बाहेरून निळी, आतून पांढुरकी. कारण ताण्याचे उभे सूत निळीत रंगवलेले असते आणि बाण्याचे आडवे सूत पांढरेच असते. निळीचा स्वभाव हट्टी. ती पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंगाच्या हौदात कॉस्टिक सोडा आणि सोडियम हायड्रोसल्फाइट घालतात. मग ती विरघळते आणि हौद पिवळट हिरवा दिसतो. सूत बाहेर काढून वारा लागला की बघताबघता निळे होते. असे अनेकदा बुडवावे आणि वाळवावे लागते.

सूत निळे झाले, पण सोडा आणि हायड्रोसल्फाइट गेले कुठे? धुण्याच्या पाण्यात. सोडा मारायला त्यात आम्ल घातले तरी त्याचे मीठच होते. हे आपल्या जेवणातलेच मीठ नव्हे. बरेचसे सोडियम सल्फेट, पण जातीने मीठच. पाण्यातला मळ जिवाणूंच्या टाकीत कमी होतो. मीठ मात्र टाकीत शिरले तसे बाहेर पडते. त्याला जिवाणू खात नाहीत आणि ते गाळातही बसत नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, १ लिटर पाण्यात २ ग्रॅम क्षार आहेत. चवीला मचूळ, इतकेच. एक एकराला ५ सेंटीमीटर पाणी द्यायचे तर सुमारे २ लाख लिटर लागते. म्हणजे एका पाळीत ४०० किलो क्षार वावरात गेले. पन्नास किलोची आठ पोती! खताची आठ पोती एका एकरात कोणी एकदम टाकणार नाही. पण मचूळ पाण्याची पाळी आपण बिनदिक्कत देतो, कारण पोती डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी पिकाने घेतले, उन्हाने नेले. मीठ तिथेच राहिले.

आपल्या काळ्या जमिनीला यातला सोडियम फार वाईट. चिकणमातीचे कण तो सुटे करतो, छिद्रे बुजतात, वर पाणी साचते आणि खाली मूळ तहानलेले राहते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आले आहेत. तिथे ते निसर्गाने दिले. आपण ते हाताने का आणावे?

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात रंगकामाच्या कारखान्याखालच्या नाल्याकाठी एका शेतकऱ्याचे वावर पाहिले. उन्हाळ्यातही नाला वाहायचा, म्हणून त्यांनी मोटार बसवली. पहिल्या वर्षी कपाशी जोमात आली. ती क्षार बरेच सोसते. पुढे तूर मात्र जळाली, जमिनीवर पांढरी पापडी आली, ढेकूळ फुटेना. पाटाच्या कडेला बसून ते म्हणाले, “साहेब, पाणी फुकटचं होतं म्हणून घेतलं, वावर मात्र फुकट गेलं.” मी जिप्सम आणि चराची शिफारस लिहून दिली. ती बरोबरच होती. पण नाला तसाच वाहत असताना तिचा उपयोग किती, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होते.

हे एका वावराचे नाही. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगशाळांचे खारे पाणी नोय्यल नदीत गेले. शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपलयम धरणाचे पाणी शेतीलाच नकोसे झाले. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, एक थेंबही बाहेर सोडणार नाही अशी व्यवस्था होईपर्यंत, रंगशाळा बंद ठेवायला लावल्या.

मग उपाय काय? इथे वीज कामाला येते. तिची तीन कामे समजून घ्या.

पहिले, गाळ बांधणे. पाण्यात लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे उभे करून एकदिश वीज सोडतात. पत्रा हळूहळू झिजतो आणि त्याचे गोळे पाण्यातला रंग धरून ठेवतात. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, तीच ही रीत. गंमत अशी की खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून खर्च कमी येतो. पण पाणी स्वच्छ दिसले तरी मीठ जागच्या जागी असते.

दुसरे, रंग जाळणे. पाण्यात साधे मीठ असले तर विजेने त्यातून क्लोरीन निघतो आणि रंग तुटतो. मात्र क्लोरीनपासून काही घातक पदार्थही बनू शकतात, म्हणून तपासणी हवी.

तिसरे काम मीठ वेगळे करण्याचे. याला विद्युत-अपोहन म्हणतात. खास पडद्यांची चळत लावून वीज सोडली की मिठाचे धन कण एकीकडे आणि ऋण कण दुसरीकडे ओढले जातात. एका नळीने गोडे पाणी येते, दुसरीने खारट द्रव. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने आपल्या देशात हे पडदे तयार केले. गोडे पाणी कारखान्यात पुन्हा वापरता येते. पडदे विशेष प्रकारचे असले, तर खारट द्रवापासून कॉस्टिक सोडा आणि आम्ल परत मिळवता येते.

आपल्या बाजूलाच विजेच्या या रीतीचा एक नमुना आहे. आपल्या जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडते. त्याने दात पिवळे पडतात, हाडे आखडतात. नागपूरच्या नीरी संस्थेने वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावी सौरविजेवर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी फ्लोराइड काढण्याचा प्रयोग उभारला होता. म्हणजे ही विद्या परदेशातली नवलाई नाही. पण तिथेही काढलेले फ्लोराइड गाळात उतरते, आणि तो गाळ नीट ठेवावा लागतो.

या साऱ्या फेरफटक्यातून घरी न्यायची गोष्ट एकच. वीज मीठ नाहीसे करत नाही, फक्त बाजूला काढते. घरातल्या आरओ यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाहते तेही असेच पाणी. म्हणून तुमच्या गावाजवळ कारखाना येत असेल, किंवा “प्रक्रिया केलेले पाणी शेतीला देऊ” असे कोणी म्हणत असेल, तर ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. गोडे पाणी कुठे जाणार? आणि मीठ कुठे जाणार? पहिल्याचे उत्तर सगळेच देतात. दुसऱ्याचे उत्तर लेखी घ्या.

आणि पाळी देण्याआधी पाणी तपासा. बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून अर्धा लिटर नमुना भरा, नाव-गट नंबर लिहा आणि माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. विद्युतवाहकता आणि सोडियमचे प्रमाण दोन्ही मागा. वाहकता ०.७ च्या आत असली तर निर्धास्त. ३ च्या वर गेली तर मोटार बंद.

पुढच्या वेळी पोरगा जीनची नवी पँट घालून समोर आला की त्याचे कौतुक जरूर करा. कापूस आपल्याच वावरातला असेल. मात्र त्या निळ्या रंगाचे मीठ आपल्या वावरात परत येऊ नये, एवढी जागरूकता ठेवा.