भेस्तानला घर घ्यावं का?

सुरतेतून मुंबईच्या दिशेने निघालं की आधी उधना, मग भेस्तान, मग सचिन. यंत्रमागांवर आणि पांडेसरा जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये काम करायला खानदेशातून आलेली आपली माणसं सुरुवातीला उधना, लिंबायत, डिंडोलीत राहिली. पोरं शिकली, पगार वाढले आणि वस्ती भेस्तानपर्यंत सरकली. इथे एका बाजारफेरीत भाजीवाल्याशी गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी आणि शेजारच्या काकूंशी अहिराणी बोलून होतं. दादर-भुसावळ खानदेश एक्स्प्रेस भेस्तानला थांबते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर सगळं एका गाडीवर! आबांचं गाव दोंडाईचाजवळचं, त्यामुळे आमच्या घरात हा मुद्दा जिम आणि गार्डनपेक्षा मोठा ठरला.

आबांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवला आणि ती सगळी वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली. आज आम्ही उधन्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, आईचे गुडघे दुखतात आणि दर अकरा महिन्यांनी भाडं वाढतं. घरातलं पहिलं स्वतःचं घर घ्यायची जबाबदारी माझ्यावर आणि बायकोवर आली. आम्ही भेस्तानमधले सहा कॉम्प्लेक्स पाहिले. ब्रोशर सगळीकडे सारखेच, म्हणून आम्ही आपली वेगळी यादी केली: पाणी, हवा, प्रवास आणि कागद. पहिलं घर शोधणाऱ्या आपल्या तरुण मंडळींना ती उपयोगी पडेल.

पहिलं पाणी. सुरतेचा पूर म्हटलं की ऑगस्ट २००६ आठवतो. उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीतून शहरात घुसलं होतं. भेस्तान तापीपासून लांब आहे, म्हणून एजंट ठासून सांगतो, "भाऊ, इथे पूर येतच नाही." पण सुरतेत खाड्यांचाही पूर येतो. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की खाडीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे वस्तीत शिरतं. २०२४ आणि २०२५ च्या पावसाळ्यात सुरतेच्या कितीतरी भागांत हेच झालं. आबा एवढंच म्हणाले, "पानी कोठे भरस ते पहिले देख." मग मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी आम्ही चक्कर मारायचो. दोन ठिकाणी पार्किंगच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. लाइटचे मीटर आणि जमिनीतल्या टाकीचं झाकण त्या रेघेच्या खाली! ती दोन्ही ठिकाणं तिथेच बाद झाली. खरी माहिती सेल्स ऑफिसात नाही, समोरच्या किराणा दुकानात मिळते.

दुसरी हवा. शेजारी पांडेसरा आणि सचिन अशा दोन औद्योगिक वसाहती आहेत. मिलच्या धुरावर काही काम होतंय. चिमणीतून बाहेर पडणाऱ्या कणांच्या परवान्यांची खरेदी-विक्री करणारी जगातली पहिली योजना २०१९ मध्ये सुरतेतच सुरू झाली. पण ६ जानेवारी २०२२ ला सचिन जीआयडीसीत टँकरमधून रसायन सोडताना वायू पसरला आणि सहा कामगार दगावले, हेही विसरता येत नाही. रविवारी दुपारी साइट बघून हवेचा अंदाज येत नाही. आम्ही थंडीत पहाटे सहाला आणि रात्री दहाला जाऊन उभे राहिलो. मुलाला सर्दीचा त्रास आहे, त्यामुळे एक छान, मोठा फ्लॅट केवळ वासामुळे सोडला.

तिसरा प्रवास. "मेट्रो येतेय," असं आम्हाला दोन एजंटांनी सांगितलं. सुरत मेट्रोचे दोन मार्ग आहेत, सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली. नीट वाचा, भेसाण! ते तापीपलीकडे आहे. एका अक्षराच्या फरकावर दोन-तीन लाख जास्त देऊ नका.

चौथा कागद. आपण ज्याला साठेखत म्हणतो ते इथे बानाखत आणि खरेदीखत म्हणजे दस्तावेज. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत बानाखत होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. गुजरात रेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकला की मंजूर नकाशे आणि फ्लॅटचा कार्पेट एरिया दिसतो. आम्हाला ११०० फुटांचा म्हणून दाखवलेला फ्लॅट कार्पेटमध्ये ६४० निघाला. इमारत तयार असेल तर बीयू, म्हणजे महापालिकेची वापर परवानगी, बघायलाच हवी. ६ जुलै २०२४ ला सचिनच्या पाली भागात सहा मजली इमारत कोसळून सात जण गेले. ती दहा वर्षांचीही नव्हती. त्या बातमीनंतर बीयूशिवायच्या स्वस्त फ्लॅटचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही.

शेवटी दोन पर्याय उरले. एक, बांधकाम सुरू असलेला, क्लब हाउसवाला, ताबा तीन वर्षांनी. दुसरा, सहा वर्षं जुना, छोटा टूबीएचके, ३२ लाखांचा, लिफ्ट आणि बीयू असलेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. पहिल्यात हप्ता आणि भाडं दोन्ही भरावं लागलं असतं, वर जीएसटी. दुसऱ्यासाठी २५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण २१,७०० रुपये. वीस वर्षांत ५२ लाख भरायचे. हा आकडा कागदावर लिहून आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो होतो.

तरी दुसराच घ्यायचं ठरवलं. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का आहे. दस्तावेज फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ. म्हणजे ३२ हजार वाचतात. घर तिच्या एकटीच्या नावावर असेल तर व्याजाची करसवलत मला मिळणार नाही, पण नव्या करप्रणालीत राहत्या घरावर ती तशीही नाही. कर्जात आम्ही दोघं राहू. आबांना सुनेच्या नावाचं ऐकून थोडं वेगळं वाटलं. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुन्ही मायना नाववर मी काहीच करू शकनू नई. हाई चांगलं शे."

पुढच्या आठवड्यात वकील जुने दस्तावेज तपासणार आहेत. त्यात काही अडकलं नाही, तर बानाखत.